पडद्यावरचा ख्रिस्त आणि दादासाहेब फाळके

गेल्या उपवासकाळातील गोष्ट. क्रुसाच्या वाटेची भक्ती आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामाच्या सभागृहात प्रभू येशूच्या जीवनावरील चित्रपट दाखविण्यात आला. आता एक कळ दाबली की काम भागते. आमच्या बालपणी हाच कार्यक्रम चर्चच्या पटांगणात होत असे. दोन बांबूंमध्ये पांढरी चादर ताणलेली, मागे घरघर करणारा सोळा मिलिमीटरचा प्रोजेक्टर, आणि मध्येच रीळ तुटले की फादर टॉर्चच्या उजेडात ते जोडीत बसत. तेवढ्या वेळात म्हाताऱ्या बाया रोझरीचे एक दशक म्हणून घेत. गेथशेमनीच्या बागेत प्रभूला पकडले की लहान मुले रडू लागत. पुढे काय होणार हे सर्वांना पाठ होते, तरीही रडत.

असो. सांगायचे ते असे की, यंदा चित्रपट संपल्यावर आमच्या युवा संघातील एक तरुण आमच्याजवळ आला व म्हणाला, "फादर, हिंदुस्थानातला सिनेमा आपल्या येशूच्या सिनेमामुळे सुरू झाला, हे खरे ना?" प्रश्नात जिज्ञासेपेक्षा अभिमान अधिक होता, आणि 'आपल्या' या शब्दावर अंमळ जास्त भर होता. रात्र झाली होती, खुर्च्या आवरायच्या होत्या. आम्ही "हो, खरे आहे" एवढेच बोलून मोकळे झालो. परंतु ते 'हो' आम्हांला नंतर बोचत राहिले. ते असत्य नव्हते, अपुरे होते. त्या तरुणाला जे उत्तर तेव्हा द्यायला हवे होते, ते आज वाचकांसमक्ष देण्याचा हा प्रयत्न आहे.

धुंडिराज गोविंद फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी नाशिकजवळच्या त्र्यंबकेश्वरी झाला. घराणे शास्त्री-पंडितांचे. पिढीजात विद्या संस्कृताची. परंतु या मुलाचा जीव पोथीपेक्षा चित्रात रमे. वडिलांना मुंबईत संस्कृत शिकविण्याचे काम मिळाले व कुटुंब तेथे आले. १८८५ मध्ये धुंडिराजांनी जे. जे. कलाशाळेत प्रवेश घेतला. पुढे बडोद्याच्या कलाभवनात त्यांनी चित्रकला, मूर्तिकाम, छायाचित्रण यांचा अभ्यास केला. जादूचे प्रयोगही ते शिकले, आणि आपल्या आडनावाची अक्षरे उलटी करून 'प्रोफेसर केळफा' या नावाने ते प्रयोग करीत.

हा मनुष्य एका जागी फार काळ टिकला नाही. गोध्र्यास त्यांनी फोटोचा स्टुडिओ थाटला. प्लेगच्या साथीत पहिली पत्नी व मूल दोघेही गेली. १९०२ मध्ये दुसरा विवाह झाला. या पत्नीचे नाव सरस्वतीबाई. तिची आठवण वाचकांनी ठेवावी, पुढे तिच्याकडे पुन्हा यायचे आहे. १९०३ मध्ये पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक म्हणून सरकारी नोकरी मिळाली. वंगभंगानंतर स्वदेशीचे वारे वाहू लागले, तेव्हा १९०६ मध्ये ती नोकरी त्यांनी सोडली आणि लोणावळ्यास छपाईचा व्यवसाय काढला. त्यातून 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' उभे राहिले. रंगीत छपाईची यंत्रे आणण्यासाठी १९०९ मध्ये ते जर्मनीस जाऊन आले. छपाईचे नाव झाले, पण भागीदारांशी पटेना. अखेर स्वतःच्या हाताने उभारलेल्या छापखान्यातून ते बाहेर पडले. वय चाळीस, पदरात मुले, हातात काम नाही. अशा अवस्थेत त्यांना तो चित्रपट भेटला.

१९१०-११ चा तो सुमार. चरित्रकारांपैकी काही नाताळ सांगतात, काही ईस्टर. सण कोणताही असो, निमित्त आपल्याच पंचांगातील होते. गिरगावातील 'अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस' या ठिकाणी ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट लागला होता. फाळके तो पाहावयास बसले. त्या वेळी त्यांच्या मनात काय घडले ते त्यांनी स्वतःच १९१७ मध्ये 'नवयुग' मासिकातील लेखांत सांगितले आहे. त्याचा आशय असा की, डोळ्यांपुढून ख्रिस्ताचे जीवन सरकत होते, आणि मनश्चक्षूंना दिसत होते कृष्ण, रामचंद्र, गोकुळ आणि अयोध्या. आपली चित्रे, आपल्या कथा या पडद्यावर केव्हा दिसतील, या विचाराने त्यांना पुरते झपाटले. त्यांनी पुन्हा तिकीट काढले व पुन्हा तो चित्रपट पाहिला. नंतर सरस्वतीबाईंनाही नेऊन दाखविला.

येथे थोडे थांबून एक प्रश्न विचारू या. फाळक्यांनी चित्रपट काही पहिल्यांदाच पाहिला असे नव्हे. मुंबईत हलत्या चित्रांचा पहिला खेळ ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात झाला होता. पुढील पंधरा वर्षांत आगगाड्या, कसरती, शर्यती, जनावरे असले पुष्कळ तुकडे शहराने पाहिले होते. मग ठिणगी ख्रिस्तपटाच्याच वेळी का पडावी?

आमच्या समजुतीप्रमाणे त्याचे उत्तर त्या चित्रपटाच्या घडणीत आहे. त्या काळी फ्रान्समधील कंपन्या ख्रिस्ताच्या जीवनावरील चित्रपट मोठ्या प्रमाणावर काढीत. पाते कंपनीने १९०२ ते १९०५ या काळात फेर्दिनां झेका व ल्युसिएँ नोंगे यांच्याकडून एक करविला. गोमाँ कंपनीसाठी अलिस गी या बाईंनी १९०६ मध्ये दुसरा केला. हे सारे मूकपट. पात्रे बोलत नाहीत, म्हणून गोष्ट अशी हवी की जी प्रेक्षकाला आधीच ठाऊक आहे. गव्हाणीतील बाळ, कानातील लग्न, लाजराची कबर, शेवटचे भोजन, क्रूस: एकेक देखावा पडद्यावर आला की युरोपातील शेतकरीही न सांगता तो ओळखी. आपल्या चर्चच्या भिंतीवरील क्रुसाच्या वाटेची चौदा चित्रे जशी, तसेच ते देखावे.

फाळक्यांनी नेमके हेच हेरले. जी कथा लोकांच्या रक्तात आहे तिला पडद्यावर शब्दांची गरज लागत नाही. युरोपला येशूची कथा ठाऊक होती, तर हिंदुस्थानाला हरिश्चंद्र, राम आणि कृष्ण ठाऊक होते. कीर्तनकार, चित्रकथी आणि दशावतारी यांनी शतकानुशतके प्रेक्षक तयार करून ठेवलाच होता. फक्त यंत्र नव्हते.

ते यंत्र मिळविण्यासाठी या गृहस्थाने जे केले ते वाचून आम्हांला मठवासी संतांच्या तपाची आठवण होते. त्यांनी एक लहानसे यंत्र व काही फिती विकत घेतल्या. रात्री मेणबत्तीचा प्रकाश भिंगातून भिंतीवर पाडून ते चित्रे तपाशीत बसत. दररोज चार-पाच तास चित्रपट पाहणे, उरलेल्या वेळी वाचन, झोप जेमतेम. डोळ्यांवर एवढा ताण आला की काही काळ दिसेनासे झाले. डॉ. प्रभाकर यांच्या उपचाराने दृष्टी परत आली. मग विम्याच्या पॉलिसी गहाण ठेवून सुमारे दहा हजार रुपयांचे कर्ज काढले आणि १९१२ च्या फेब्रुवारीत ते लंडनला निघाले. ओळखदेख कोणाचीही नाही. 'बायोस्कोप' साप्ताहिकाच्या कचेरीत शिरून त्यांनी संपादक कॅबोर्न यांची गाठ घेतली. संपादकांनी प्रथम या धंद्यापासून परावृत्त करण्याचाच प्रयत्न केला, पण माणसाची तळमळ पाहून सेसिल हेपवर्थ या निर्मात्याशी भेट घडवून दिली. हेपवर्थ यांनी आपला स्टुडिओ मोकळेपणाने दाखविला. विल्यमसन कंपनीचा कॅमेरा व फितीला छिद्रे पाडण्याचे यंत्र खरेदी करून, कच्च्या फिल्मची मागणी नोंदवून १ एप्रिल १९१२ रोजी फाळके परतले.

भांडवलदाराला पटविण्यासाठी त्यांनी काय केले ते मोठे गोड आहे. कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला आणि तो अंकुरून वाढेपर्यंत दररोज थोडी थोडी फिल्म घेतली. 'अंकुराची वाढ' या त्या छोट्याशा चित्रफितीत रोपटे पाहता पाहता उभे राहिले आणि पैसे उभे राहण्याची वाट मोकळी झाली. मोहरीच्या दाण्याचा दाखला आम्ही पुष्कळ वेळा व्यासपीठावरून सांगितला आहे. आता तो सांगताना दादरमधील ही कुंडी डोळ्यांपुढे येते.

पहिली कथा निवडली ती राजा हरिश्चंद्राची: सत्यासाठी राज्य, पत्नी, पुत्र सारे गमावणारा राजा. दादरच्या रस्त्यावरील बंगल्यात देखावे उभारले. दत्तात्रय दामोदर दाबके हरिश्चंद्र झाले. तारामतीच्या भूमिकेसाठी स्त्री मिळेना. सिनेमात काम करणे म्हणजे अब्रूला डाग, अशी समजूत होती. कलावंतिणींनीही नकार दिला. अखेर ग्रँट रोडवरील एका खाणावळीत काम करणारे अण्णा साळुंके लुगडे नेसून तारामती झाले. रोहिदास झाला फाळक्यांचाच मुलगा भालचंद्र. २१ एप्रिल १९१३ रोजी ऑलिंपिया थिएटरात निमंत्रितांसाठी खेळ झाला आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लोकांपुढे आला. याच्या आधी, १९१२ च्या मे महिन्यात, दादासाहेब तोरणे यांचा 'श्री पुंडलिक' दाखविला गेला होता, हे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. परंतु ते रंगभूमीवरील नाटकाचे चित्रण होते. पडद्यासाठीच रचलेल्या कथापटाचा पाया फाळक्यांनी घातला, हे सर्वसाधारणपणे मान्य झाले आहे.

आता सरस्वतीबाईंकडे येऊ. कंपनीत साठ-सत्तर माणसे राबत, आणि त्या सर्वांचा स्वयंपाक ही बाई करी. त्यांचे कपडे धुण्याची व्यवस्था तिच्याकडे. उन्हात तासन् तास पांढरी चादर धरून उभे राहणे, जेणेकरून नटाच्या तोंडावर प्रकाश पडावा, हेही तिचेच काम. रात्री निजानीज झाली की अंधारात फिल्मला छिद्रे पाडायची, रसायने कालवायची, फिती धुवायच्या. पैसे अपुरे पडले तेव्हा तिने अंगावरचे दागिने पुढे केले. शेजारीपाजारी वेडात काढीत असता नवऱ्याच्या वेडावर जिने विश्वास ठेवला, तिचे नाव 'राजा हरिश्चंद्र'च्या जाहिरातीत नव्हते. हरिश्चंद्राच्या कथेत तारामतीचा त्याग राजापेक्षा तसूभरही कमी नाही, असे कीर्तनकार सांगत आले आहेत. पडद्यावर तारामती मिळेना म्हणून फाळके मुंबईभर हिंडत होते, आणि खरी तारामती घरात चुलीपुढे बसली होती, असे आम्हांला वाटते. प्रत्येक धर्मग्रामाच्या सोहळ्यामागे अशा किती सरस्वतीबाई असतात, हे वाचकांना आम्ही सांगायला नको.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. कंपनी नाशिकला गेली. 'मोहिनी भस्मासुर' या चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई या मायलेकींनी काम केले आणि स्त्रीच्या भूमिकेत स्त्री दिसली. १९१७ च्या 'लंकादहन' मध्ये साळुंके यांनी राम आणि सीता दोन्ही भूमिका केल्या. पडद्यावर राम आला की प्रेक्षक पायातील वहाणा काढीत, असे सांगतात. १९१८ मध्ये 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' स्थापन झाली. १९१९ च्या 'कालिया मर्दन' मध्ये कन्या मंदाकिनी बाळकृष्ण झाली. भागीदारांशी पुन्हा खटके उडाले, तेव्हा फाळके सारे सोडून काशीला गेले व तेथे त्यांनी 'रंगभूमी' हे नाटक लिहिले. काही वर्षांनी परतले, पण काळ पुढे गेला होता. १४ मार्च १९३१ रोजी 'आलम आरा' प्रदर्शित होऊन पडदा बोलू लागला. १९३७ मध्ये कोल्हापुरात त्यांनी 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव संपूर्ण बोलपट केला. त्यानंतर काम मिळाले नाही. १६ फेब्रुवारी १९४४ रोजी नाशिक येथे, ज्या उद्योगाला त्यांनी जन्म दिला त्याच्या वैभवापासून दूर, त्यांनी देह ठेवला. भारत सरकारने त्यांच्या नावाचा पुरस्कार १९६९ मध्ये सुरू केला. गोरेगावची चित्रनगरी व नाशिकच्या पांडवलेण्यांच्या पायथ्याचे स्मारक त्यांचे नाव चालवीत आहेत. परंतु त्यांच्या शंभराच्या घरातील चित्रपटांपैकी आज फार थोडे अवशेष उरले आहेत. 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले व शेवटचे एवढीच पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात जतन झाली.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे वळू. 'आपल्या येशूच्या सिनेमामुळे' हे कितपत खरे?

तो चित्रपट 'आपला' नव्हताच. तो फ्रान्समधून विक्रीसाठी आलेला माल होता. कोणा मिशनऱ्याने तो फाळक्यांसाठी लावला नव्हता, की कोणा धर्मगुरूने त्यांना बोलावले नव्हते. आणि तो पाहून फाळके ख्रिस्ती झाले नाहीत, ते अधिकच स्वधर्मनिष्ठ झाले. ख्रिस्ताच्या कथेने त्यांना त्यांच्या स्वतःच्या कथांचे ऋण आठवले. यात आपला पराभव झाला असे ज्याला वाटेल त्याने, आणि यात आपला विजय झाला असे ज्याला वाटेल त्यानेही, तीनशे वर्षे मागे जाऊन एक दुसरी घटना पाहावी.

फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेज्विट १५७९ मध्ये गोव्यास आले. नवख्रिस्ती लोकांची त्यांच्याकडे तक्रार होती. आमची पुराणे तुम्ही काढून घेतलीत, त्यांच्या जागी आमच्या भाषेत आम्हांला काय दिलेत? हा प्रश्न खुद्द त्यांच्या ग्रंथातच नोंदलेला आहे. स्टीफन्स यांनी मराठी भाषा आणि ओवीची चाल आत्मसात केली आणि १६१६ मध्ये रायतूरच्या छापखान्यातून 'ख्रिस्तपुराण' बाहेर पडले: जवळपास अकरा हजार ओव्या, येशूची कथा आणि ढंग पुराणाचा. म्हणजे हिंदू पुराणाच्या घाटाने ख्रिस्ताच्या कथेला मराठी घर दिले, आणि तीनशे वर्षांनी ख्रिस्ताच्या चित्रपटाने हिंदू पुराणाला पडदा दिला. देवघेवीचा हिशेब असा फिटला आहे. तेव्हा कोणी कोणावर उपकाराची पावती फाडू नये.

या दोन घटनांत एक फरक आहे, आणि तो आपण ख्रिस्ती लोकांनी डोळसपणे पाहिला पाहिजे. स्टीफन्स यांच्या गोव्यात लोकांची देवळे पाडली गेली होती, त्यांच्या पोथ्यांवर बंदी होती. तेथील लोकांना पुराण मागावे लागले, कारण त्यांचे हिरावले गेले होते. गिरगावात मात्र कोणी कोणाचे काही हिरावले नाही. ख्रिस्ताची कथा पडद्यावर आली, चार आण्यांचे काय ते तिकीट काढून आलेल्या माणसाच्या मनात उतरली, आणि त्याला वाटले ते त्याने केले. तिने त्याच्याकडून काहीच मागितले नाही. आम्हांला तर वाटते, शुभवर्तमानातील पेरणारा असाच पेरतो. बी त्याचे, पण जमीन दुसऱ्याची, आणि पीक कशा रूपाने यावे हे त्याच्या हाती नसते.

१९९५ साली चित्रपटकलेस शंभर वर्षे झाली तेव्हा व्हॅटिकनने पंचेचाळीस उल्लेखनीय चित्रपटांची यादी प्रसिद्ध केली. पाते कंपनीचा तो जुना ख्रिस्तपट त्या यादीत आहे. फाळक्यांनी पाहिला तो हाच की दुसरा, यावर अभ्यासकांत एकमत नाही, आणि आमच्या मते त्याने बिघडतही नाही. त्याच परंपरेतील एका चित्रपटापुढे त्र्यंबकेश्वरचा एक शास्त्रीपुत्र बसला, आणि त्याने घालून दिलेल्या वाटेवर पुढे प्रभात कंपनीने १९३६ मध्ये 'संत तुकाराम' काढला. १९३७ मध्ये व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात, कॅथलिक इटलीच्या भूमीवर, देहूच्या त्या वाण्याच्या कथेचा गौरव झाला. कथा अशी हातोहात फिरत राहते.

म्हणून आमच्या तरुण मित्रा, तुझ्या प्रश्नाचे पुरते उत्तर असे: होय, ख्रिस्ताच्या चित्रपटाने ठिणगी टाकली. पण इंधन फाळक्यांच्या घरचे होते, जळत्या चुलीपुढे सरस्वतीबाई बसल्या होत्या, आणि उजेड सर्वांना मिळाला. अभिमान बाळगायचाच तर 'आमच्यामुळे झाले' याचा नको. आपली कथा पाहून शेजाऱ्याला त्याची कथा आठवावी, एवढी ती निर्मळपणे सांगता येते, याचा असू दे.

पुढच्या उपवासकाळात सभागृहात पुन्हा चित्रपट लागेल. त्या वेळी शेजारच्या आळीतील हिंदू कुटुंबांनाही आग्रहाने बोलवावे, असे आम्ही युवा संघाला सुचविले आहे. आणि त्यांच्या गणेशोत्सवात पडदा लागला, हरिश्चंद्र-तारामतीची कथा दाखविली गेली, तर आपणही पुढच्या रांगेत जाऊन बसावे. तेथे आपल्या डोळ्यांपुढे काय उभे राहते ते पाहावे.